घर, तंबू, घर : सुट्टीतल्या लांब प्रवासाची बांधणी

नातलगांच्या भेटी आणि तंबूतले मुक्काम एकाच सुट्टीत बसवायचे म्हटलं की बहुतेक जण सरळ दोन गट करतात. आधी सगळे नातेवाईक, मग आठवडाभर निवांत तंबू. कागदावर हे छान दिसतं आणि चौथ्या दिवशी फिसकटतं. तंबूत सलग तीन रात्री काढल्या की कपडे ओलसर होतात, पॉवरबँका संपतात, शीतपेटीतल्या बर्फाचं पाणी होतं आणि मुलं किरकिरी होतात. नातलगांकडे सलग सहा दिवस राहिलं, तर यजमान आणि पाहुणे दोघंही मनातल्या मनात दिवस मोजू लागतात. म्हणून दोन्ही आलटून पालटून ठेवा. दोन-तीन रात्री तंबू, मग दोन रात्री कुणाचं तरी घर, की पुन्हा तंबू. घरी धुणं, वाळवण, चार्जिंग आणि सलग झोप होते, आणि तंबूतून आलेला पाहुणा थोडेच दिवस राहतो, म्हणून हवाहवासा राहतो.

नऊ रात्रींचा साचा असा बसतो : तंबू २, घर २, तंबू ३, घर २. पहिला तंबू स्वतःच्या घरापासून दोन तासांच्या आत लावा. काहीतरी विसरलेलं असतंच, आणि ते पहिल्या रात्रीच कळतं. इतक्या जवळ असाल तर परत जाऊन आणता येतं. शेवटचा मुक्काम घरातलाच ठेवा. तंबूतून थेट आपल्या घरी परतलात, तर ओला तंबू, मळक्या कपड्यांचा ढीग आणि दुसऱ्या दिवशीचं कामावर जाणं हे तिन्ही एकदम अंगावर येतं.

एका दिवसात नकाशावरचे चार ते पाच तास, त्याहून जास्त अंतर घेऊ नका. लहान मुलं बरोबर असली की नकाशाच्या वेळेत निम्मी वेळ आणखी मिळवा, म्हणजे चार तासांचे सहा धरा. गाडी चालवणाऱ्याने दर दोन तासांनी पंधरा मिनिटं उतरावं. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. कान सांगतो गाडी हलतेय, पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात काहीच हलत नाही, आणि या भांडणात पोट ढवळतं. अशा मुलाला मधल्या जागी बसवा, समोरच्या काचेतून लांबवर बघायला सांगा, निघण्याआधी पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. झाकणाचा डबा आणि ओला रुमाल हाताशी ठेवा, डिकीत नको.

नातलगांना काय कळवायचं

‘आम्ही येतोय’ एवढा निरोप पुरत नाही. एकाच संदेशात पाच गोष्टी लिहा : किती जण, कोणत्या दिवशी साधारण किती वाजता, कोणत्या दिवशी सकाळी निघणार, कोण काय खात नाही, आणि तंबू वाळवायला गच्ची, अंगण किंवा गॅलरी मिळेल का. निघण्याचा दिवस येण्याच्या दिवसासोबतच सांगायचा. नंतर सांगायला गेलं की आग्रह सुरू होतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. जेवणाच्या तोंडावर पोहोचायचं असेल तर तसं आधी कळवा, नाहीतर दुपारी चार-पाचच्या सुमाराला पोहोचा. अंथरूण-पांघरूण आपलंच न्या. झोपायच्या पिशव्या आणि गाद्या गाडीत असताना यजमानांची कपाटं रिकामी करण्यात अर्थ नाही. कपडे धुण्याचं यंत्र वापरायचं असेल तर पहिल्याच संध्याकाळी विचारा, म्हणजे वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

एक गोष्ट मात्र पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत करायची. ज्या घरात लहान मुलं राहत नाहीत, तिथे आजी-आजोबांच्या गोळ्या उशाशी, जेवणाच्या टेबलावर किंवा हातपिशवीत असतात, आणि त्यांच्या डब्यांची झाकणं सहज उघडतात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या एक-दोन गोळ्यासुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. यजमानांसोबत घर फिरून गोळ्या, फिनेल आणि नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या उंचावर ठेवा. चपटी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू लागते. नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

गाडी भरणं

सामानाचे दोन वेगळे संच करा : घराच्या पिशव्या आणि तंबूचे खोके. नातलगांच्या दारात फक्त घराच्या पिशव्या उतरतील, तंबूच्या जागी फक्त खोके. हे केलं नाही तर प्रत्येक मुक्कामी अख्खी गाडी रिकामी होते.

जड वस्तू तळाला आणि मागच्या बाकाच्या पाठीला टेकवून. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, ते कधीच वर नाही. टपावर फक्त हलकं आणि मोठं सामान. किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्यात टपावरच्या जाळीचं वजनही मोजतात. मागच्या काचेपाशी सुटं काहीही नको. जोरात ब्रेक लागला की डबासुद्धा दगडासारखा पुढे येतो. भरलेल्या गाडीला टायरची हवा नेहमीपेक्षा जास्त लागते. पूर्ण भाराचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो, आणि हवा टायर थंड असताना, निघण्यापूर्वीच मोजायची.

तंबू, मेखा, हातोडा आणि एक ताडपत्री सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर भरा. पावसात पोहोचलात तर दुसरं काही न उघडता एवढंच बाहेर काढता आलं पाहिजे.

तंबू : आधी घरी, मग बाहेर

‘चार जणांचा’ तंबू म्हणजे चार गाद्या एकमेकींना चिकटवून मावतात, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशेबात प्रत्येकाला जेमतेम पंचावन्न ते साठ सेंटिमीटर रुंदी मिळते आणि पिशव्यांना जागाच नसते. चौघांच्या कुटुंबाने सहा जणांचा घ्यावा. कापडावर पाणी रोखण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. वरच्या कापडाला १५०० ही किमान मर्यादा समजा. जमिनीच्या कापडाला त्याहून जास्त हवी, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो आणि खालचं पाणी आत ढकललं जातं.

नवा असो की जुना, तंबू प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा पूर्ण उभा करा. मेखा मोजा, दांडे जोडून बघा, शिवणींवर नळीने पाणी सोडा. गळणारी शिवण आतून वाळवून शिवणीचा डिंक लावता येतो, पण त्याला सुकायला एक दिवस लागतो. तो दिवस रानात मिळत नाही.

मुक्कामी सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचा. उजेड किती उरलाय ते हातानेच मोजता येतं : हात लांब करून बोटं आडवी धरा. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये मावणारं प्रत्येक बोट साधारण पंधरा मिनिटं. चार बोटांपेक्षा कमी अंतर असेल तर चूल-बिल नंतर, आधी तंबू.

जागा निवडताना पहिल्यांदा वर बघायचं. वाळकी फांदी, कुजलेलं खोड, मधमाश्यांचं पोळं असेल तर पुढे चला. झाडाखाली दुपारची सावली मिळते खरी, पण पाऊस थांबल्यावरही तासभर पानं टपकत राहतात. मग खाली बघा. खोलगट जागा आणि कोरडा ओढा या दोन्ही ठिकाणी पाणी तुम्हाला न विचारता येतं. किंचित उतार चालतो, डोकी वरच्या बाजूला करून झोपायचं.

आता उभारणी. खडे आणि काड्या हाताने झाडून काढा. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून हातभर नाही, पण चार बोटं तरी लहान असू द्या. ते बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणून ठेवतं. नवशिक्यांचा तंबू ‘खालून गळतो’ त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तंबूची अरुंद किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. दाराची चेन बंद करा आणि मगच कोपरे ठोका. चेन उघडी ठेवून ताणलेला तंबू नंतर कितीही ओढला तरी बंद होत नाही. वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी, मग समोरचे. दांडे खोळीतून नेहमी ढकलायचे. ओढले की सांधे आतल्या आत सुटतात आणि मधला तुकडा खोळीत अडकून बसतो.

मेख तिरकी ठोकायची, सुमारे ४५ अंशांत, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात काटकोन होतो. सरळ उभी ठोकलेली मेख ओल्या मातीत पहिल्या जोरदार झुळकीला निघते. कडक जमिनीत लांब खिळ्यासारख्या मेखा लागतात. वाळूत साधी मेख टिकत नाही. तिथे पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायची. ताणाच्या दोऱ्या आकाश निरभ्र असलं तरी पहिल्याच संध्याकाळी बांधा. रात्री दोन वाजता पावसात, विजेरी तोंडात धरून गाठी मारणं कुणालाच जमत नाही. नायलॉनचं कापड ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी एक फेरी मारून दोऱ्या पुन्हा ताणा. दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधली तर मुलं अडखळून पडत नाहीत.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की लगेच दुकानदाराला नावं ठेवू नका. चौघांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात लिटरभर पाणी तरी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि थंड कापडावर त्याचे थेंब धरतात. थंडी वाजते म्हणून सगळे झरोके बंद केले की हे वाढतंच. झरोके उघडे ठेवा, ओले कपडे आत आणू नका, आतलं कापड बाहेरच्याला टेकू देऊ नका. खरी गळती शिवणीच्या ओळीत किंवा एकाच ठिपक्यावर दिसते, दव सगळीकडे सारखं पसरतं.

दुरुस्तीची पिशवी मूठभर असते, पण ती नसली तर मुक्काम संपतो. दांड्यावर चढवायची वीतभर नळी (तडा गेलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची), कापडाची चिकटपट्टी, पक्कड, जाड दोरी, मेणबत्ती. फाटलेल्या जागी लावायच्या पट्टीचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचकटतात. चेन अडकते ती बहुतेक वेळा मातीने. जुन्या दातब्रशने झाडा आणि मेणबत्ती घासा. तेल लावलं तर त्याला आणखी माती चिकटते. चेन मागून उघडत जात असेल तर सरकपट्टी झिजलेली असते, तिच्या दोन्ही बाजू पकडीने अगदी हलक्या दाबल्या की काम भागतं.

झोप

थंडी खालून येते. हवेची जाड गादी मऊ असली तरी तिच्या आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. गादीवर, म्हणजे अंग आणि गादी यांच्या मध्ये, फोमची चटई किंवा घोंगडी घाला. मध्यरात्री गादी मऊ पडते ती दर वेळी भोकामुळे नाही. गारव्याने आतली हवा आकसते, म्हणून झोपताना पुन्हा थोडी भरायची. तरीही सकाळी सपाट झाली तर साबणाचं पाणी फासा, बुडबुडे येतील तिथे भोक.

झोपायच्या पिशवीवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’चं वाचा. ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ हे आकडे आरामाचे नाहीत. मुलाला मोठ्यांची पिशवी दिली तर पायाकडची रिकामी जागा त्यालाच तापवत बसावी लागते, म्हणून ते टोक दुमडून बांधा. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे आणि फक्त झोपण्यासाठीच. तान्ह्या बाळाभोवती मात्र पिशव्या, उशा आणि सैल पांघरुणं अजिबात नकोत. त्याला घट्ट, सपाट गादीवर पाठीवर झोपवायचं.

दुपारी उन्हातला बंद तंबू भट्टीसारखा तापतो. मूल पेंगुळलं तरी त्याला आत झोपवू नका, सावलीत चटई टाका. बंद गाडीचंही तेच. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने चढतं, काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं.

चूल आणि शीतपेटी

तंबूत किंवा त्याच्या बंदिस्त ओसरीत गॅस, कोळसा, शेगडी काहीही पेटवायचं नाही, आणि विझत आलेले निखारे ऊब म्हणून आत न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. पाऊस असेल तर चारही बाजूंनी मोकळ्या ताडपत्रीखाली स्वयंपाक करा, किंवा त्या रात्री कोरडं खा.

गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या शेगडीला वाऱ्याचा आडोसा एकाच बाजूने लावा. चहूबाजूंनी वेढली तर खालचा डबा तापून फुटू शकतो. भलं मोठं पातेलंही उष्णता खाली परतवतं. डबा बदलताना आसपास कुठलीही ज्योत नको, आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघा. वारा नसताना लिटरभर पाणी उकळायला साधारण १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात सहज दुप्पट. थंड पहाटे ज्योत मंदावली तर गॅस संपला असं समजू नका. डब्यातलं ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वाफ व्हायचंच थांबतं. डबा रात्री पांघरुणाजवळ ठेवा किंवा प्रोपेन मिसळलेला घ्या.

शीतपेटी आदल्या रात्रीच बर्फ टाकून गार करा. उबदार पेटीत भरलेला बर्फ आधी पेटीलाच गार करण्यात खर्ची पडतो. तुकड्यांपेक्षा मोठी लादी जास्त टिकते, आणि पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या सगळ्यात सोयीच्या, वितळल्या की पिता येतात. वितळलेलं पाणी गार असेपर्यंत फेकू नका, रिकाम्या हवेपेक्षा ते गारवा जास्त धरतं. मात्र खाण्याच्या वस्तू घट्ट डब्यांत हव्यात. पेयांसाठी वेगळी छोटी पेटी ठेवा, कारण मुलं दर पाच मिनिटांनी झाकण उघडणार. आतलं तापमान ५ अंशांच्या खाली हवं, एक साधा तापमापक आत टाकून द्या. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. दूध, मांस, मऊ फळं पहिल्या दिवशी संपवा. तिसऱ्या दिवसासाठी कोरडं धान्य, कडधान्य, बटाटे, कांदे.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून माणशी रोज चार ते पाच लिटर पाणी धरा. ओढ्याचं किंवा विहिरीचं असेल तर खळखळून उकळायला लागल्यापासून एक मिनिट उकळू द्या, २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. जुलाब लागले आणि जलसंजीवनीची (ओआरएस) तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे मोजूनच घाला. मीठ जास्त झालं तर मुलाला अपायच होतो.

मुलं, पाणी, वीज

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. हरवलं तर चालत सुटायचं नाही, जवळच्या झाडाला धरून थांबायचं आणि तीन-तीन शिट्ट्या मारायच्या. पोहोचल्या दिवशीच याची एकदा तालीम करा, मुलांना ती खेळासारखी आवडते. पाण्याजवळ आळीपाळीने एकाच मोठ्या माणसाकडे पहारा द्या, आणि त्या वेळात त्याच्या हातात फोन नको. ‘सगळे बघतायत’ याचा अर्थ कुणीच बघत नाही. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरातच हवं, आणि फुगवलेली खेळणी हे जीवरक्षक जाकीट नाही.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळ्यांनी गाडीत बसायचं आणि काचा बंद करायच्या. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही, दांडे कशाचेही असोत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

शौचालय नसेल तर पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, आणि काम झालं की मातीने बुजवायचा. शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेला हाताची मागची बाजू लावून गार लागेपर्यंत निघू नका.

उठवणं आणि वाळवणं

सकाळी निघायचं असेल तर आधी गाद्यांची हवा सोडा. हवा सुटेपर्यंत कपडे भरून होतात. बाहेरचं कापड सुक्या फडक्याने पुसलं तर बरंच पाणी तिथेच निघतं. ते आतल्या तंबूपासून वेगळं, वेगळ्या पिशवीत भरा. एकत्र गुंडाळलं तर कोरडा तंबूही ओला होतो. दांड्यांची घडी मधल्या सांध्यापासून सुरू करा, म्हणजे आतल्या ताणदोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो.

ओला तंबू पिशवीत एक दिवस कसाबसा निभावतो. दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो आणि एकदा डाग धरला की तो जात नाही. म्हणून नातलगांच्या घरी चहाच्या आधी तंबू पसरायचा. सावलीत, वारा लागेल असा, कारण कडक ऊन नायलॉनला कुजवतं. धुण्याच्या यंत्रात कधीही नाही, आतला पाणी रोखणारा लेप सुटतो. कोमट पाणी आणि मऊ स्पंज बास. घरी परतल्यावर झोपायच्या पिशव्या त्यांच्या चिमुकल्या खोळींतून काढून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, आपोआप फुगणाऱ्या गाद्या झडप उघडी ठेवून पसरलेल्याच राहू द्या, विजेऱ्यांमधल्या बॅटऱ्या काढा. मेखा पुन्हा मोजा, वाकलेल्या सरळ करा, आणि किती कमी भरल्या ते कागदावर लिहून तो कागद तंबूच्या पिशवीतच टाका.